मोटारसायकलच्या चाकाचा आऊट घरच्या घरी कसा काढावा?



नेकनूरच्या आठवडी बाजाराला एक चक्कर मारून पाहा. पूर्वी जिथे बैलगाड्या सोडलेल्या असत, तिथे आता मोटारसायकलींची रांग दिसते. कुणाच्या गाडीला दुधाचे कॅन अडकवलेले, कुणाच्या मागे खताचे पोते, कुणी शेळी पुढे घेऊन आलेला. टाकीवर लेकरू, मागे कारभारीण, तिच्या मांडीवर बियाण्याची पिशवी. सारे घरच त्या दोन चाकांवर चाललेले असते. बैल लंगडायला लागला तर आपण लगेच खाली बसून त्याचा खूर उचलून पाहतो. पण गाडीचे चाक डुगडुगायला लागले की म्हणतो, "चाललंय तवर चालू द्या." हे बरोबर नाही. लंगडा बैल थांबतो तरी. चाक मात्र न सांगता दगा देते.

या पत्रकात तारांच्या चाकाचा, म्हणजे स्पोकच्या चाकाचा, आऊट घरी कसा काढावा याची माहिती दिली आहे. हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली आली. तेव्हापासूनच्या कितीतरी तारांच्या गाड्या आपल्या वाडी-वस्तीवर अजून चालू आहेत. बुलेट आहे, टीव्हीएस एक्सएल आहे, एखाद्याच्या गोठ्यात जुनी राजदूतही सापडेल. रीत सगळ्यांना एकच. मात्र ज्यांच्या गाडीला ओतीव, म्हणजे अलॉयचे चाक आहे, त्यांच्यासाठी ही माहिती नाही. ते चाक वाकडे झाले तर घरी हातोडी मारू नये. ओतीव धातूला तडा जातो आणि तो लवकर दिसतही नाही.

चाक आऊट झाले म्हणजे काय?

गाडी मोठ्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवा आणि पाठीमागून रिंगेकडे पाहा. रिंग एकाच जागी स्थिर फिरताना दिसली तर चाक सरळ आहे. ती डावी-उजवीकडे सरकताना दिसली तर तो आडवा आऊट. खाली-वर होताना दिसली तर तो उभा आऊट.

आडव्या आऊटमुळे गाडी झोला मारते आणि हँडल हातात थरथरते. उभ्या आऊटमुळे चांगल्या डांबरी रस्त्यावरही दगडावरून चालल्यासारखी थडथड जाणवते. पुष्कळदा हे दोन्ही दोष एकाच ठिकाणी असतात. पाणंदीतला एखादा दगड, रस्त्यावरचा खड्डा किंवा बेताबाहेरचे ओझे एवढे कारण त्याला पुरते.

बारीक तार एवढे ओझे कशी पेलते?

हे एकदा समजले की पुढचे सगळे काम सोपे जाते, म्हणून थोडे सावकाश वाचा.

बैलगाडीच्या चाकात तुंबा असतो, त्यातून लाकडी आरे निघतात आणि बाहेरून लोखंडी धाव बसवलेली असते. ओझे आले की खालचा आरा खांबासारखा उभा राहून तुंब्याला टेकू देतो. मोटारसायकलची तार असा टेकू देऊ शकत नाही. बारीक तार जमिनीवर उभी धरून वरून दाबली तर ती वाकेल. पण तीच तार दोन्ही टोकांना धरून ओढा. दोन गड्यांनाही ती तुटायची नाही.

तारेचा हा गुण चाकात वापरलेला आहे. तार फक्त ओढते, ढकलत नाही. बहुतेक लहान गाड्यांच्या चाकाला ३६ तारा असतात. त्यांपैकी १८ तुंब्याच्या डाव्या अंगाला आणि १८ उजव्या अंगाला. डावीकडच्या तारा रिंग डावीकडे ओढतात, उजवीकडच्या उजवीकडे. दोन्हींची ओढ सारखी तुल्यबळ असली की रिंग मध्ये सरळ राहते. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना सारखे गडी असले की दोर जागचा हलत नाही, तसेच हे आहे. एका बाजूचे दोन गडी ढिले पडले की दोर दुसरीकडे गेलाच.

तारा सरळ न बसवता एकमेकींना छेदून तिरप्या बसवण्याची पद्धत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली सायकलच्या चाकासाठी आणली. तिरप्या तारेमुळे तुंब्याला बसणारा पीळ नीट रिंगेपर्यंत पोचतो, मग तो चेनच्या ओढीचा असो की ब्रेकचा. दीडशे वर्षे होऊन गेली, तरी तीच पद्धत आपल्या गाडीच्या चाकात आहे.

आता एक तार सैल झाली तर काय होते ते पाहा. चाक फिरताना प्रत्येक तार फेरीत एकदा जमिनीकडे येते. तेव्हा तिची ओढ कमी होते आणि वर जाताना पुन्हा वाढते. कसलेली तार हे सहज सोसते. सैल तार मात्र खाली आली की साफ ढिली पडते आणि वर जाताना तिला हिसका बसतो. १८ इंची चाक एका किलोमीटरला सुमारे ५३० फेरे घेते. म्हणजे डेअरी ५ किलोमीटरवर असेल तर जाऊन येईपर्यंत पाच हजारांवर हिसके. त्यात ४० लिटरचे दोन भरलेले कॅन म्हटले तर नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोच्या वर जाते. शेवटी ती तार तुंब्याजवळच्या वाकात तुटते. तिचे ओझे शेजारणीवर पडते, मग तीही जाते. तार एकटी तुटत नाही, शेजारच्या दोन-तीन घेऊन जाते असे मेकॅनिक लोक म्हणतात ते यामुळेच.

आधी रोग ओळखा, मग औषध द्या

पान पिवळे पडले की लगेच युरिया टाकू नये, आधी कारण पाहावे, असे आपण नेहमी सांगतो. चाकाचेही तसेच आहे. चाक डुगडुगते याची कारणे तारांशिवाय इतरही असू शकतात. पाना हातात घेण्यापूर्वी एवढे तपासावे.

१. अ‍ॅक्सलचा नट पक्का आहे का?

२. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. तुंब्यातच खटखट लागत असेल तर बेअरिंग गेले आहे. आऊट काढून ते बरे होणार नाही.

३. मागचा चिमटा धरून आडवा हलवा. तो हलत असेल तर त्याचे बुश झिजले आहेत.

४. टायरकडे न पाहता रिंगेकडे पाहा. रिंग सरळ आणि टायरच वाकडा फिरत असेल, तर टायर रिंगेत नीट बसलेला नाही. तारांना हात लावू नये.

५. रिंगेच्या कडेवरून फडके फिरवा. दगडाने कड चेपलेली असेल, निपलच्या भोकापाशी बारीक तडा असेल, तर घरचा इलाज नाही.

एवढे सगळे ठीक असेल तरच तारांकडे वळावे.

साहित्य

निपल पाना (सायकल आणि मोटारसायकलचे निपल वेगवेगळ्या मापाचे असतात, आपल्या गाडीच्या निपलला घट्ट बसेल असाच घ्यावा), एक लहान पाना तारांवर वाजवायला, खडू, सुतळी, तुराटी किंवा पऱ्हाटीची सरळ काडी, पोरांच्या दप्तरातली मोजपट्टी, थोडे तेल, जुने फडके आणि हवेचा पंप. पक्कड या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. पकडीने निपलचे कोन घासतात आणि मग ते कोणत्याच पान्याला दाद देत नाही.

पूर्वतयारी

आदल्या दिवशी संध्याकाळी चाक धुवून पुसून घ्यावे. प्रत्येक निपलपाशी, तार निपलमध्ये शिरते तिथे, तेलाचा एकच थेंब सोडावा. रात्रभरात तो आत मुरतो. तुंब्याच्या आत ब्रेक असतो, त्यामुळे तेल तुंब्याकडे ओघळू देऊ नये. ब्रेकच्या लायनरला तेल लागले की ब्रेक लागत नाही.

सकाळी गाडी सपाट, कठीण जागेवर मोठ्या स्टँडवर लावावी. पुढच्या चाकाचे काम असेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन चाक अधांतरी करावे. ठोकळा सायलेन्सरच्या नळीखाली लावू नये. गाडी धरायला एक माणूस सोबत असावा.

इंजिन बंद करावे, गिअर न्यूट्रलला ठेवावा आणि किल्ली काढून खिशात घालावी. इंजिन चालू ठेवून मागचे चाक फिरवत आऊट बघण्याची सवय काहींना असते. ती अत्यंत वाईट आहे. चेन आणि चक्रीमध्ये बोट सापडले तर ते परत मिळत नाही. लेकरांना दूर ठेवावे.

चाकातली बरीचशी हवा सोडून द्यावी. हवा भरलेली असताना निपल जड फिरतात.

आता काडीचा उपयोग. मागचे चाक असेल तर चिमट्याला आणि पुढचे असेल तर शॉकअपला ती काडी सुतळीने पक्की बांधावी. काडीचे टोक रिंगेच्या कडेला लागेल-न लागेल असे ठेवावे. चाक सावकाश फिरवले की फट कुठे कमी होते, कुठे वाढते ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. रिंग काडीला घासते त्या जागी टायरवर खडूने खूण करावी. दुकानात लोखंडी स्टँडवर जे काम होते, तेच ही काडी करते.

पाना कोणत्या बाजूला फिरवायचा?

बहुतेकांची चूक इथेच होते. माझीही झाली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत फिरतीवर असताना माझ्या गाडीचे चाक आऊट झाले. मला वाटले, एवढे शिकलो, चार तारा आवळता येणार नाहीत का? हाती आली ती पक्कड घेतली आणि नेहमीचा नट आवळतो तशा तारा आवळत सुटलो. तासाभरात रिंग पापडासारखी झाली. मेकॅनिककडे गाडी ढकलत नेली. त्याने चाक फिरवून पाहिले आणि एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही आवळल्या नाहीत, सोडल्या."

त्याचे कारण असे. निपलचे डोके टायरच्या आत, ट्यूबच्या बाजूला असते आणि आपण त्याच्या शेपटीकडून काम करतो. टायरच्या बाजूने तुंब्याकडे पाहिले तर निपल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवल्यावर आवळते. पण तुंब्याच्या बाजूने रिंगेकडे पाहिले तर तेच निपल घड्याळाच्या उलट फिरवल्यावर आवळते. शिवाय तेच निपल चाक फिरून वर गेले की आपल्याला एका बाजूने दिसते आणि खाली आले की दुसऱ्या बाजूने. माणूस फसतो तो यामुळे.

उपाय सोपा आहे. काम सुरू करण्यापूर्वी एक निपल पाव फेरा फिरवून तार वाजवा. आवाज चढला तर ती आवळली, उतरला तर सैल झाली. आवळण्याची दिशा पक्की कळली की टायरवर खडूने बाण काढून ठेवा. त्यानंतर बसण्याची जागा बदलू नका. चाक फिरवून प्रत्येक निपल आपल्यासमोर त्याच जागी आणा.

पहिले काम : तारांचा सूर

नेकनूर हे बंकटस्वामींचे गाव. इथल्या लोकांना पखवाज लावणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. गट्टे ठोकून वादी ताणायची, थाप मारून ऐकायचे, पुन्हा ठोकायचे. तारांचेही तेच.

लहान पान्याने प्रत्येक तार रिंगेच्या टोकाजवळ हलकेच वाजवा. कसलेली तार 'टण्' बोलते. सैल तार 'थड' असा मेलेला आवाज देते. सैल सापडतील त्या तारांवर खडूची खूण करा आणि त्या तेवढ्या पाव-पाव फेऱ्याने आवळून शेजारच्या तारांच्या सुरात आणा. डाव्या बाजूची तार डावीकडच्या तारांशी आणि उजवीकडची उजवीकडच्या तारांशीच ताडून पाहावी. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या चाकात दोन्ही बाजूंची ओढ मुळातच थोडी वेगळी असते.

कित्येकदा एवढ्यावरच निम्मा आऊट निघून जातो. राहिलेल्यासाठी पुढचे वाचा.

दुसरे काम : उभा आऊट

काडीचे टोक आता रिंगेच्या कडेच्या वरून, टायरला लागून येईल असे बांधा. चाक फिरवा.

रिंग ज्या ठिकाणी तुंब्यापासून लांब गेलेली, म्हणजे वर उचललेली दिसेल, तिथल्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या तारा सारख्याच, पाव-पाव फेरा आवळाव्यात. दोन्ही बाजूंनी सारखे ओढल्यामुळे रिंग आडवी न हलता सरळ आत येते.

रिंग ज्या ठिकाणी आत बसलेली दिसेल, तिथल्या दोन्हीकडच्या तारा पाव फेरा सैल कराव्यात. सैल करूनही रिंग बाहेर येत नसेल तर ती दगडाने बसलेली आहे. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही हे वर सांगितलेच. बसलेली रिंग तारेने बाहेर निघत नाही.

तिसरे काम : आडवा आऊट

काडी पुन्हा रिंगेच्या बाजूला बांधा. समजा एका ठिकाणी रिंग उजवीकडे गेली आहे आणि खडूची खूण चार-पाच तारांच्या पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यातली प्रत्येक तार तुंब्याच्या कोणत्या अंगाला जाते ते नजरेने पाहून घ्या. मग,

• उजव्या अंगाला जाणाऱ्या तारा पाव फेरा सैल करा.

• डाव्या अंगाला जाणाऱ्या तारा पाव फेरा आवळा.

आधी सैल करावे, मग आवळावे. पट्ट्याच्या मधल्या तारांना पाव फेरा द्यावा, कडेच्या तारांना त्याच्या निम्मा. उजवीकडच्या तारा आधीच सैल असतील तर त्या आणखी सोडू नयेत, फक्त डावीकडच्या आवळाव्यात. रिंग डावीकडे गेली असेल तर हेच उलट करावे.

एवढे झाले की थांबा. चाक दोन फेरे फिरवा, काडीकडे पाहा, मग पुढचा पाव फेरा. एकदम पूर्ण फेरा देण्याचा मोह होतो. तो टाळावा. एका जागचा आऊट निघतो आणि समोरच्या जागी दुसरा तयार होतो. ठिबकने पाणी देतो तसे थेंबाथेंबाने काम करावे, पाट फोडू नये.

आडवा आऊट निघाला की उभा पुन्हा एकदा तपासावा, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

कुठवर काढायचा? काडी आणि रिंग यांतली फट जिथे सर्वांत जास्त आणि जिथे सर्वांत कमी, त्यांतला फरक मोजपट्टीने मोजा. तो २ मिलिमीटरच्या आत आला की काम झाले. उभ्या आणि आडव्या, दोन्हींना हाच हिशोब. अगदी शून्य करण्याच्या नादात तारा फार आवळल्या तर रिंगेला निपलच्या भोकापाशी तडे जातात.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. सगळ्या चाकाच्या एकाच अंगाच्या सगळ्या तारा आवळू नयेत. त्याने अख्खी रिंगच एका बाजूला सरकते. चाक गोल फिरते, आऊट दिसत नाही, पण मागचे चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही आणि गाडी एका अंगाला ओढते.

ट्यूबकडे लक्ष असू द्या

तार आवळली की तिचे टोक निपलमधून टायरच्या आत सरकते. रिंगेवर रबरी पट्टी असते म्हणून थोड्या फरकाने काही होत नाही. पण एकाच तारेला एक-दीड फेऱ्यापेक्षा जास्त आवळावे लागले तर टायर आणि ट्यूब काढून आतून बोट फिरवून पाहावे. टोक वर आले असेल तर कानशीने घासून निपलच्या बरोबरीला आणावे आणि रबरी पट्टी नीट बसवावी. नाहीतर आऊट काढला आणि दुसऱ्या दिवशी पंक्चर, असे होते. आपण काटा शोधत बसतो आणि काटा आपणच आत ठेवलेला असतो.

तार तुटली असेल तर

तुटलेल्या तारेचा तुकडा शेजारच्या तारेला बारीक वायरने बांधून टाकावा, म्हणजे तो चेनमध्ये किंवा ब्रेकच्या दांडीत अडकणार नाही. मग ओझे न घेता, मागे कुणाला न बसवता, सावकाश दुकान गाठावे. नवी तार त्याच लांबीची, त्याच जाडीची आणि तशाच वाकाची हवी. आतली आणि बाहेरची तार वेगवेगळ्या वाकाची असते, म्हणून जुना तुकडा नमुना म्हणून सोबत न्यावा.

एक तार तुटल्यावर "बाकीच्या पस्तीस आहेत की" असे म्हणणारा एक तरुण दूधवाला माझ्या माहितीचा आहे. त्याने आठ दिवस तशीच दुधाची फेरी केली. नवव्या दिवशी पहाटे उतारावर आणखी चार तारा गेल्या, रिंग चिमट्याला घासून चाक जाम झाले आणि तो कॅनसकट रस्त्यावर आला. हात मोडला, दोन महिने धारा काढणेही बंद झाले. दूध किती सांडले हा हिशोब त्याने कधीच सांगितला नाही. मागून ट्रक येत नव्हता, एवढेच तो सांगतो. मांजरसुंब्याकडे किंवा केजकडे मोठ्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कुठे हात थांबवावा?

पुढीलपैकी काहीही आढळले तर घरी प्रयत्न करू नये, जाणत्या मेकॅनिककडे चाक द्यावे.

• रिंगेला तडा किंवा खोल चेप.

• एकापेक्षा जास्त तारा तुटलेल्या.

• तुंब्याला तारेच्या भोकापाशी तडा किंवा भोक मोठे झालेले.

• निपल गंजून जाम झालेले, तेल देऊनही न फिरणारे.

• आऊट अर्ध्या बोटाच्या रुंदीहून जास्त.

• गाडीचा अपघात झालेला.

घरी केलेल्या कामाचे दोन पैसे वाचतात हे खरे. पण हे काम करताना आपल्या चाकाची ओळख होते आणि दोष लहान असतानाच कळतो, हा त्याहून मोठा फायदा आहे.

काम झाल्यावर

शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून एकदा जोराने दाबाव्यात. कुठे पीळ अडकलेला असेल तर तो 'कट्' असा आवाज करून सुटतो. पुन्हा सूर आणि आऊट पाहावा. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकी हवा भरावी. ब्रेक लागतो का, चाक कुठे घासत नाही ना, ते पाहावे. पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या गाडीवर, गावातल्या गावात घ्यावी. १५-२० किलोमीटर झाल्यावर तारा परत वाजवून पाहाव्यात, कारण नव्याने आवळलेल्या तारा थोड्या बसतात.

त्यानंतर महिन्यातून एकदा तारा वाजवण्याची सवय ठेवावी. पाच मिनिटांचे काम आहे. रोज ओझे वाहणाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा वाजवाव्यात. दुधाचे कॅन दोन्हीकडे सारख्या वजनाचे असावेत. हवा कमी ठेवून ओझे नेऊ नये.

श्रोत्यांच्या मनात येणारे काही प्रश्न

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. गाडी चार-सहा महिने गोठ्यात उभी असते. परत आल्यावर काय करावे?

उत्तर : जनावरांच्या मुताने आणि शेणाच्या ओलीने गोठ्यात गंज लवकर धरतो. शक्यतो गाडी गोठ्याबाहेर, कोरड्या जागी ठेवून जावे. जाताना चाके धुवून, पुसून, निपलला तेलाचा थेंब देऊन ठेवावे. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ओझे लादू नये. आधी तारा वाजवून पाहाव्यात.

प्रश्न : खताची पोती वाहिल्याने तारा गंजतात का?

उत्तर : होय. रासायनिक खताची भुकटी हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. खत वाहून आणल्यावर साध्या पाण्याने चाके धुवावीत आणि कोरड्या फडक्याने पुसावीत.

प्रश्न : हे काम घरच्या बाईमाणसाला जमेल का?

उत्तर : का नाही जमणार? या कामाला ताकद लागत नाही. कान, नजर आणि सबुरी लागते. गाडीवर मागे बसणाऱ्याचा जीव चालवणाऱ्याइतकाच मोलाचा असतो, म्हणून तारा वाजवून बघायला घरातल्या प्रत्येकाला यावे.

लक्षात ठेवा

रिंग ज्या बाजूला गेली, त्याच्या उलट बाजूच्या तारा आवळा. एका वेळी पाव फेरा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर काडीकडे नजर. २ मिलिमीटरच्या आत आले की पाना खाली ठेवा.

बाजाराला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना चारा घालतो, पाणी दाखवतो, पाठीवरून हात फिरवतो. त्याच वेळी गाडीच्या तारांवरूनही एकदा पाना फिरवावा. सगळ्या तारा 'टण्' बोलल्या की सकाळी खुशाल निघावे.